डोक्यावरचे हात

आफ्रिकेत, मलावीत कित्येक वर्षं मिशनचं काम करून आम्ही सुट्टीवर परंड्याला आलो होतो. मला आता परत जायचं नाही, हे मी काल फक्त आईला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

आज चर्चमध्ये पाळकसाहेबांनी निरोपाच्या प्रार्थनेसाठी आम्हा नवराबायकोला गुडघ्यावर बसवलं. मंडळीनं आमच्या डोक्यावर हात ठेवले. आमच्याकडं रीत अशी, की बसलेल्यानं ‘आमेन’ म्हटल्याशिवाय हात निघत नाहीत. माझ्या नवऱ्यानं, शलमोननं लगेच म्हटलं. त्याला काय, तिकडं लोक त्याचा शब्द झेलतात. मी नुसती फोटोत हसायला.

मी तोंड मिटून घेतलं. राहा म्हटलं उभे!

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, “प्रभू, माझ्या लेकीला तिकडंच टिकव.” गावात तिला सगळे ‘आफ्रिकावालीची आई’ म्हणतात. लहानपणी उवा काढताना धरायची तशी तिनं माझी मान धरली आणि कानात म्हणाली, “म्हण की गं. लोक ताटकळलेत.”

मी म्हटलं.

सगळ्यांचे हात निघाले. तिचा तेवढा राहिला.