तळहाताएवढा पेपर

सातुर्निनो कायिसायाला देवाने जीभ दिली होती, पण ती आवरायला दोरी द्यायची राहून गेली होती. ला पाझ शहराच्या वरच्या अंगाला, एका चढाच्या गल्लीत त्याचा छापखाना. वर्षभर लग्नपत्रिका, पावत्या, मेलेल्यांची कार्डं. जानेवारीच्या जत्रेला मात्र तो तळहाताएवढा पेपर काढायचा, आणि त्यातल्या थापा वाचून अख्खं शहर पोट धरून हसायचं. जत्राच इवल्याइवल्या वस्तूंची. घर हवं तर इवलंसं घर घ्यायचं, गाडी हवी तर इवलीशी गाडी, आणि बाराच्या ठोक्याला भगताच्या धुपावर धरायची. वर्षाच्या आत ती मोठी होऊन दारात येते म्हणतात.

सातुर्निनो दरवर्षी मुद्दाम मोडकं काहीतरी घ्यायचा. एकदा बिनदाराचं घर, एकदा तीन चाकांची गाडी. भगत कपाळाला हात लावायचा.

"अरे, निदान धड तरी माग."

"धड मागितलं आणि आलं नाही तर वाईट वाटतं, बाबा. हे आलं नाही तर सुटलो."

लोक हसायचे. तोही हसायचा.

यंदा धड काहीतरी आपणहून चालून आलं होतं. गल्लीच्या तोंडाशी लिओनार्दा बसायची, जांभळ्या मक्याचं गरम आपी विकायची. तिचा नवरा हिलारियोन बसबरोबर दरीत गेला, त्याला बरीच वर्षं झाली. सातुर्निनो रोज सकाळी तिच्याकडे यायचा आणि दुसरा पेला प्यायचा. पहिला पेला कुणाचा, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या आठवड्यात पेला पुसता पुसता ती म्हणाली, "जत्रेत पुरुषाला कुणी कोंबडी दिली की त्याला बायको मिळते. ठाऊक आहे ना?"

"मला कोंबडीचं कालवण तेवढं ठाऊक आहे."

"सातू, गप. बाराला मी चर्चच्या पायऱ्यांशी कोंबडी घेऊन उभी राहणार आहे. तू हात पुढे करायचा आणि तोंड बंद ठेवायचं. जमेल?"

"तोंड बंद ठेवायचं भाडं काय देशील?"

ती हसली, पण नजर काढेना. मग तो म्हणाला, "जमेल." आणि शीळ घालत चढ चढून गेला.

त्याच दुपारी त्याने पेपरची पहिली बातमी जुळवली. का, ते त्यालाही कळलं नाही. हातच चालले. बातमी अशी: 'शहरातील एक आपीवाली रोज पहाटे पहिला पेला मेलेल्या नवऱ्यासाठी भरून ठेवते. मेलेल्याची तक्रार: साखर कमी. जिवंतपणीही कमीच होती, म्हणून तर निघून आलो.' इतक्या वर्षांत त्याला सुचलेली ही सगळ्यात भारी बातमी होती. साखरेवरून हिलारियोनशी शेवटच्या सकाळी झालेलं भांडण लिओनार्दाने त्याला एकदाच सांगितलं होतं, तेही भिंतीकडे तोंड करून.

जत्रेच्या सकाळी अर्धे गठ्ठे विकणारे घेऊन गेले. उरलेल्यांच्या घड्या घालायला त्याची मावशी सिप्रियाना बसली होती. दरवर्षी ती घडी घालता घालता खिदळायची. यंदा तिने एक अंक डोळ्यांजवळ धरला, वाचला, आणि मांडीवर ठेवून दिला.

"ही लिओनार्दा ना?"

"नाव कुठे छापलंय, मावशी?"

"गल्लीत आपीवाल्या कितीजणी आहेत?"

"गंमत आहे गं."

"ठरलेलं लग्न मोडून नोरा गेली तेव्हाही गंमतच होती. तिच्या बापाच्या नकलेचा कार्यक्रम तू तिच्या बापासमोरच केलास. मोठ्या पेपरात नोकरी लागली, तर पहिल्याच दिवशी संपादकाचं व्यंगचित्र त्याच्याच दाराला लावलंस. कुणी चांगलं ताट वाढलं की तुझ्या पायाला खाज सुटते, सातू. लाथ मारल्याशिवाय राहवत नाही तुला."

"लोक हसले ना?"

"हसले आणि घरी गेले. तू कुठे गेलास?"

यावर द्यायला त्याच्याकडे एक झकास उत्तर होतं. ते ओठापर्यंत आलं, आणि मावशीचं तोंड बघून तिथेच थिजलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पिशवी उचलली आणि पळत सुटला.

मग जत्रेने एक नवल बघितलं. पेपरवाला स्वतःचाच पेपर गोळा करत फिरत होता.

"काय सातू, एवढा खप? स्वतःच घेतोस?" इवल्या गोण्या विकणारी ओरडली.

"बातमी खोटी निघाली का रे?" दुसऱ्याने विचारलं.

"खरी निघाली," तो म्हणाला.

हे ऐकून ते जास्तच हसले. एक जाडा गृहस्थ बायकोला मोठ्याने वाचून दाखवत होता, "साखर कमी म्हणे!" सातुर्निनोने अंक मागितला. गृहस्थ म्हणाला, "छे हो, हा तर मी दुकानात लावणार आहे." आयुष्यभर ज्या हशासाठी तो जगला, तो पहिल्यांदाच त्याच्या कानाला बोचला.

पिशवी अर्धीसुद्धा भरली नव्हती, तेवढ्यात धूर दाटायला लागला. बारा वाजत आले होते. तो पायऱ्यांकडे वळला.

लिओनार्दा उभी होती. नवी शाल, ब्रशने साफ केलेली हॅट, आणि तळहातावर प्लास्टरची कोंबडी. कुठे टवका उडालेला नव्हता. निवडायला वेळ घेतला असणार.

"धापा टाकतोयस. पळून जात होतास की येत होतास?"

गप्प राहून हात पुढे केला असता तर कोंबडी त्याची होती. तिने अजून काही वाचलं नव्हतं. त्याने पिशवीतला एक अंक काढून तिच्या हातात दिला.

तिने तो लांब धरला, मग जवळ. "ही मुंग्यांची अक्षरं मला कुठली दिसतायत. तूच वाच."

खालीच मंत्र्याने पाळलेल्या लामा जनावराची बातमी होती. त्याऐवजी ती वाचली असती तरी तिला पत्ता लागला नसता. त्याने पहिली वाचली. सरळ आवाजात, नक्कल न करता, शेवटपर्यंत. अर्ध्यावर घंटा सुरू झाल्या, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी आपापली घरं, गाड्या, बॅगा धुरात उंच धरल्या. लिओनार्दाचा हात खालीच राहिला.

घंटा थांबल्यावर ती म्हणाली, "हे मी तुला भिंतीकडे तोंड करून सांगितलं होतं."

"हो."

"छापलंस कधी?"

"तू कोंबडीचं बोललीस, त्याच दुपारी."

"का?"

त्याच्या तोंडात चार उत्तरं आली. चारही हशा पिकवणारी. त्याने दात आवळून ती गिळली.

"भीती वाटली."

"कसली?"

"तू येशील याची. आणि मग एक दिवस जाशील, याची. आपणच मोडलं की कधी मोडणार ते तरी ठाऊक असतं."

"हेच त्या दुपारी येऊन बोलला असतास, तर मी तुला अजून एक पेला पाजला असता. दुसरं काय होणार होतं?" तिने कोंबडी शालीच्या टोकात गुंडाळली. "आणि वाईट काय आहे माहीत आहे? मला हसायला येतंय. हिलारियोनही हसला असता." पण बोलता बोलता तिने हॅट डोळ्यांवर ओढली.

"लिओनार्दा."

"किती अंक बाहेर आहेत अजून?"

"बरेच."

"उद्या सकाळी येऊ नकोस. परवाचं मला माहीत नाही."

ती गर्दीत शिरली. शाल थोडा वेळ दिसली, मग तशाच शंभर शालींत मिसळून गेली. सातुर्निनो पायरीवर बसला. एक म्हातारा जवळ आला. "तुमचा पेपर आहे का हो? यंदाचा फार झकास निघालाय म्हणे."

"संपला," सातुर्निनो म्हणाला, आणि पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं.

वरच्या अंगाला कुठेतरी चारपाच माणसं एकदम हसली. तो हशा तो ओळखत होता. तो उठला, पिशवी खांद्यावर टाकली आणि त्या दिशेने चढ चढू लागला.