पाठीला लावलेला कान

खळ्यावर भाताच्या पेंढ्या फळीवर आदळत होत्या, आणि प्रत्येक दणक्यासरशी मार्सेलिनाच्या तोंडून एकेक वाक्य सुटत होते. तिचा नवरा क्लेमेंट धुळीपासून लांब, नाकाला रुमाल बांधून ओट्यावर बसला होता. एक हात छातीवर होता.

"कोंबडी अंड्यावर बसली तरी कवातरी उठते," मार्सेलिना म्हणाली. "तू कवा उठशील?"

"डॉक्टरनी धूल नको सांगितली."

"धूल नको सांगितली. बूड टेकून ऱ्हा, असा नाय सांगितला!"

सदुसष्ट सालच्या पावसाळ्यात क्लेमेंटला न्यूमोनिया झाला होता. पाद्रीबाबांनी येऊन मरणाऱ्याला लावतात ते शेवटचे तेल लावण्यापर्यंत पाळी आली होती. तो वाचला, पण वाचल्याची बातमी साऱ्या मनोरीत पसरली, तरी त्याच्या स्वतःपर्यंत ती अजून पोहोचली नव्हती. विहिरीवरून येणारा लहानसा चढ चढताना त्याला धाप लागे. रात्री आडवे झाले, की छातीत बारीक किरकिर होई. ती नीट ऐकू यावी म्हणून तो श्वास रोखून धरी, रोखलेल्या श्वासाने जीव गुदमरे, आणि मग आपण गुदमरतो आहोत याची त्याला खात्रीच पटे. डिसेंबरात पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि फळीवरची भांडी वाजली, तेव्हा सारे गाव अंगणात धावले; क्लेमेंट तेवढा अंथरुणात छाती दाबून बसला होता. हा थरकाप आपल्याच आतला, असे त्याला वाटले होते.

मालाडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फोटो साफ होता. आवाज काही महिने राहील, श्वास हळूहळू सुधारेल, असे ते म्हणाले. तरीही क्लेमेंट पुनःपुन्हा खाडी ओलांडून त्यांच्या दारात उभा राहू लागला, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "आता सगळं खा. शेतात जा, बाजा वाजव. इथे मात्र येऊ नकोस!"

परतताना क्लेमेंटने होडीवाल्या तुळशीदासला विचारले, "सगळा खा, असा कोनाला सांगतान रे?"

तुळशीदासने वल्हे थांबवून विचार केला. "फाशीच्या कैद्याला," तो म्हणाला.

पण डॉक्टरपेक्षाही गावाचा भरवसा म्हाताऱ्या पर्पेच्युआबायच्या कानावर होता. खरे पाहता तो कान जवळजवळ निकामी झाला होता. देवळाची घंटा तिला ऐकू येत नसे. सुनेचे बोलणे तर तिने कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. तरीही तोच कान कुणाच्या पाठीला लागला, की सारी आळी अदबीने गप्प होई. तिने क्लेमेंटच्या पाठीला कान लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला.

"पेज रटरटते आत. माझ्या दिराची अशीच रटरटायची."

"मंग त्याचा काय झाला?"

"काय?"

"दिराचा काय झाला?" क्लेमेंट जिवाच्या आकांताने ओरडला.

"गेला."

देवळातल्या रविवारच्या मिस्सेपर्यंत गावाच्या तोंडी त्या पेजेचा क्षय झाला होता. संकट एवढेच नव्हते. क्लेमेंटची लेक एथेल हिचे लग्न गोराईच्या मुलाशी ठरले होते, आणि पर्पेच्युआबाय त्या मुलाची सख्खी आत्या होती. खळ्यावर झोडणी चालली होती, त्या सकाळीच गोराईहून निरोप आला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी, नवरीच्या अंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत उंबराचे पाणी आणतात. क्लेमेंटच्या घराण्यात तेव्हा नवरीचा बाप स्वतः कॉर्नेट, म्हणजे पितळी तुतारी, वाजवत पुढे चाले. मुलाकडच्यांचे म्हणणे असे, की बापाने रीतीप्रमाणे वाजवावे, आत्या ऐकेल, ती बरे म्हणाली तरच दुसऱ्या दिवशी वरात निघेल.

"मी फुंकला नि आत कायतरी फाटला तर?" क्लेमेंटने विचारले.

मार्सेलिनाने पेंढी खाली ठेवली. "तू फुंकू नको. निसते गाल फुगव. मागून गिल्बर्ट वाजवील."

गिल्बर्ट हा क्लेमेंटचाच शागीर्द, बाजातला दुसरा कॉर्नेट.

"आन वाटेत मेलो तर?"

"पानी भरून झाल्यावर मर. आदी नको," ती म्हणाली. पण पावसाळ्यात कितीतरी रात्री तिने त्याच्या नाकाशी बोट धरून काढल्या होत्या. आता तिने पेंढी पुन्हा उचलली आणि गरजेपेक्षा जोरात आपटली.

जानेवारीत उंबराचे पाणी निघाले. लुगडी नेसलेल्या बाया, मडक्याचे घुमट बडवणारे गडी, बाजा, आणि सर्वांपुढे गाल फुगवून क्लेमेंट. त्याची बोटे कॉर्नेटवर सराईतपणे नाचत होती. सूर मात्र त्याच्या खांद्यामागून, गिल्बर्टच्या तोंडून येत होते. गोराईची माणसे माना डोलावत होती. "याला क्षय? याची छाती की धरन?" असे कुणीसे म्हणालेही.

विहिरीपाशी घडा भरला. गिल्बर्टला वाटले, काम फत्ते झाले. त्याने बायांनी आणलेल्या परातीतला मैद्याचा एक तळलेला, गरम फुगा उचलून अख्खा तोंडात कोंबला. आणि तेव्हाच पर्पेच्युआबायने हात वर केला.

"गप ऱ्हावा सगली! घडा उचलताना एकटा बाप वाजवते. रीत हाय."

ही रीत साऱ्यांच्याच ध्यानातून गेली होती. घुमट थांबले. मार्सेलिनाने अर्धवट उचललेला घडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. पर्पेच्युआबाय क्लेमेंटसमोर डोळे मिटून उभी राहिली. क्लेमेंटने मागे पाहिले. गिल्बर्टचेही गाल फुगले होते, पण भलत्याच कारणाने.

क्लेमेंटने कॉर्नेट ओठांना लावला. बोटे हलली. गाल फुगले. सूर मात्र निघाला नाही. विहिरीवर अशी शांतता पसरली, की घड्यातून ठिबकणारे पाणी ऐकू येत होते. गोराईची माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

पर्पेच्युआबायने डोळे उघडले. ते पाणावले होते.

"काय वाजवलान रे बाबा!" ती म्हणाली. "कालीज हलला माझा."

गोराईकरांनी क्षणभर विचार केला. आत्याने ऐकले होते. आता आपण ऐकले नाही असे म्हणणार कोण?

"झकास!" एकजण म्हणाला.

"एक नंबर!" दुसऱ्याने दुजोरा दिला.

क्लेमेंटला आधी काही उमगले नाही. मग उमगले. ज्या कानाने त्याच्या पाठीत पेज ऐकली होती, त्याच कानाने आता हे संगीत ऐकले होते! पोटातून हसू उसळले, थेट पावसाळ्याच्या तळापासून वर आले. कॉर्नेट अजून ओठांनाच होता. त्यातून एक खरा, फाटका, दांडगा सूर बाहेर पडला, आणि विहिरीवरचे कावळे उडाले.

पर्पेच्युआबाय दचकली. "कोन खोकला?"

सारे उडालेल्या कावळ्यांकडे पाहू लागले.

"कोन खोकला मी विचारते!"

"गिल्बर्ट!" क्लेमेंट ओरडला.

गिल्बर्टने नाही म्हणण्यासाठी तोंड उघडले, आणि फुग्याचा घास घशात अडकून तो खरोखरच खोकू लागला. पर्पेच्युआबायने त्याला वळवले, पाठीला कान लावला आणि डोळे मिटले. सारे अदबीने गप्प झाले.

"पेज," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोराईहून वरात वेळेवर आली. पण त्याआधी, घडा घेऊन परतताना विहिरीच्या चढावर कॉर्नेट क्लेमेंटलाच वाजवावा लागला. वाटेत दोनदा थांबून, घाम पुसून, त्याने तो घरापर्यंत वाजवत नेला. गिल्बर्ट सर्वांच्या मागे राहिला होता. त्याचा एक हात छातीवर होता, आणि त्याला दम लागत होता.