लांब वाक्याचा मला संशय येतो

टक्. एवढाच आवाज. फार वर्षांपूर्वी माझ्या कानावर पडलेला तो पहिला आवाज. शुई-फा नावाच्या म्हाताऱ्याने जिभेने कवळी जागेवर बसवली आणि विचारलं, "बोलू का आता?"

तिथून मी आहे. मी पडद्यावरचा आजारी बोलतोय.

ताइनान शहराजवळच्या एका इस्पितळात तळमजल्यावर शिकवणीची खोली आहे. नवे डॉक्टर तिथे माझ्यासमोर बसून आजारी माणसाशी बोलायला शिकतात. मी एक वाक्य बोलतो. मग खाली तीन वाक्यं उमटतात. डॉक्टरने त्यातलं एक निवडायचं. ते जसं निवडतील तशी माझी वाट फुटते. एका वाटेवर मी रडतो, दुसरीवर चिडतो, तिसरीवर गप्प बसतो. शेवटी गुण मिळतात. मला नव्हे, त्यांना.

चेहरा आणि आवाज शुई-फाचा. मासळीच्या तळ्यांवर राबणारा माणूस, शाळा थोडकी. वाक्यं लिहिली यू बाईंनी. त्या इथल्या शिक्षिका. मला घडवताना दोघांची रोज जुंपायची.

"फा काका, इथे जरा घाबरून बोला."

"घाबरलेला माणूस इतकं बोलत नाही, बाई. अर्धं खोडा."

"मग तुम्हीच लिहा ना!"

"लिहिता आलं असतं तर मासे कशाला पाळले असते?"

बाई हसायच्या, पण खोडायच्या नाहीत. म्हणून मी अजूनही जरा जास्तच बोलतो.

स्वभावाने मी संशयी आहे. तसं मला कुणी लिहिलं नव्हतं, ते इथे बसून बसून लागलं. नव्या डॉक्टरांत लवकरच एक गोष्ट पसरली, की सगळ्यात लांब आणि सगळ्यात गोड वाक्य निवडा, गुण पडतात. मग काय! एका हातात थंड चहाचा पेला, तोंडात त्यातल्या साबुदाण्यासारख्या चिकट गोळ्या, आणि दुसऱ्या हाताने मला धीर देतात. 'तुमच्या मनात काय चाललंय ते मला आधी समजून घ्यायचंय.' हे निवडताना नजर घड्याळावर. मी रडतो. ठरल्याप्रमाणे.

बाईंनी लिहिलेल्या गोष्टीत मला एक मुलगाही आहे. तो सुरुवातीलाच दारात येऊन म्हणतो, "डॉक्टर, जरा बाहेर येता?" आमच्याकडे वाईट बातमी आधी मोठ्या मुलाच्या कानावर घालतात. म्हातारा हाय खाईल म्हणून. बाईंनी ते मुद्दाम घातलं. डॉक्टर बाहेर गेला की चित्रही त्याच्याबरोबर बाहेर जातं आणि मी खोलीत उरतो. बाहेर काय बोलतात ते मला आजवर ऐकू आलेलं नाही. दाराआड दोन माणसं कुजबुजत असली की बातमी आपलीच असणार, एवढं मात्र कळतं.

न्येन नावाची तरुण डॉक्टर माझ्यापुढे पुष्कळदा बसली. तिला नेहमी पूर्ण गुण. म्हणून तिचा मला जास्तच संशय.

आता माझ्या जागी नवा आजारी येणार म्हणतात, स्वतःच्या मनाने उत्तरं देणारा. येऊ दे. माझी विनंती एकच आहे. त्याला दाराबाहेरचं ऐकू येईल असं काहीतरी करा. आणि माझा पडदा बंद होण्याआधी परवाचं तेवढं सांगून टाकतो.

परवा दुपारी शुई-फा खोलीत आला. अंगात इस्पितळाचे कपडे, हातात सुई टोचलेली. मी त्याला पटकन ओळखलं नाही. मी होतो तसाच राहिलो होतो, तो पार उतरला होता.

"अगंबाई, फा काका! तुम्ही इथे दाखल? कुणी कळवलंसुद्धा नाही!" यू बाई उठल्या.

"पोटाचं काहीतरी. मुलगा म्हणतो अल्सर आहे." तो खुर्चीत टेकला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हा बघा लेकाचा, अजून निम्मे केस काळे ह्याचे!"

मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, सकाळी न्येन डॉक्टर आली होती. म्हणाली, 'काका, पुढचं पुढे बघू, आज पेज नीट गेली का ते सांगा.' हे वाक्य मी इथेच ऐकलंय. ह्याला आवाज देताना तुम्हीच वाचून दाखवलं होतं. त्याच्यावर मी काय बोललो होतो?"

बाईंचा चेहरा उतरला. "नाही आठवत, काका."

खोटं. ज्याने लिहिलं तो विसरत नाही.

"मग लावून दाखवा."

"उद्या बघू. वर जाऊन आराम करा बघू तुम्ही."

"बाई, तुम्हीपण?"

बाईंनी मान खाली घातली आणि मला सुरू केलं. ते वाक्य निवडलं. आणि मी त्याच्याच आवाजात त्याला म्हणालो, "म्हणजे गाठ वाईटच निघाली तर."

त्या वाटेवर तेवढंच आहे. थांबता आलं असतं तर थांबलो असतो.

तेवढ्यात दारात न्येन आली, आणि तिच्यामागे त्याचा खराखुरा मुलगा, मिंग-थांग.

"आबा! अख्खा वॉर्ड पालथा घातला. असं न सांगता जातात का?"

शुई-फाने त्याच्याकडे पाहिलं नाही. "ये पोरी," तो न्येनला म्हणाला. "मला काय झालंय?"

"डॉक्टर, जरा इकडे या," मुलगा म्हणाला. "आबा दमलेत."

"दमलो नाही. विचारतोय."

न्येनची नजर माझ्याकडे वळली. पडद्याच्या खालच्या बाजूला, जिथे वाक्यं उमटतात तिथे. म्हटलं, आता येणार. लांब, गोड, पूर्ण गुणांचं. माझा तिच्यावर काडीचा भरवसा नव्हता. पण खाली काहीच उमटलेलं नव्हतं.

ती खुर्ची ओढून बसली.

"काका... कॅन्सर आहे. जठरात. यकृतापर्यंत गेलाय."

बाईंच्या हिशेबात ह्या वाक्याला गुण नाहीत. बेढब, मध्येच तुटलेलं. पण शुई-फाने मान हलवली, ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात तशी.

"बरा होईन?"

"नाही. दुखणं कमी करता येईल. ते मी बघते."

"थंडी पडायच्या आत तळ्यातला मासा काढायला हवा. थंडीने मरतो तो. मी आपला इथे पेज पीत पडलोय, अल्सर बरा व्हायची वाट बघत." मग तो वळला. "मिंग-थांग, तुला कधी कळलं?"

मुलाच्या हातात म्हाताऱ्याचा स्वेटर होता. तो त्याने खुर्चीच्या पाठीवर ठेवला. एक बाही खाली लोंबत होती, ती उचलून सारखी केली. आणि मान वर न करता तो निघून गेला.