एका हाताच्या खुर्चीचा गोंधळ

मित्रांनो, मी एकाच हाताची जुनी खुर्ची आहे. दुसरा हात सुताराने लावलाच नाही. का, ते त्यालाच ठाऊक. मी मात्र सगळ्यांना सांगते, की सुई बघून घाबरलेल्या एका पैलवानाने तो उपटून नेला.

मी इस्पितळाच्या तपासणीच्या खोलीत असते. ऑपरेशनच्या आधी माणसं माझ्यावर बसतात, हात माझ्या हातावर पसरतात आणि सिस्टर रक्त काढतात. सुरुवातीला मला काही उमगायचं नाही. चालत आलेल्या माणसाला टोचायचं कशाला? आणि एकदा टोचून बाटल्या तीन: जांभळ्या, पिवळ्या, निळ्या झाकणाच्या. शिवाय लघवीची डबी, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख. दुखतं पोट आणि तपासतात सगळं!

सिस्टर म्हणायच्या, "भूल द्यायची तर आतलं आधीच माहीत हवं. टेबलावर कळून काय उपयोग?"

मी मान डोलावली. म्हणजे डुगडुगले.

एकदा घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन. बरोबर आजी.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?" सिस्टरनी विचारलं.

"मला आजारच नाही, तर गोळ्या कसल्या?" आजोबा ऐटीत म्हणाले.

रक्त घेतलं, ते गेले. तासाभराने त्यांना परत बोलावलं. निळ्या झाकणाच्या बाटलीतलं रक्त वेळेवर गोठत नव्हतं. पुन्हा टोचलं. कापसाचा बोळा दाबला. दहा मिनिटं झाली तरी बोळा लालच. माझ्या हातावर दोन थेंब पडले. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. एखादा खिळा तर वर आला नाही?

"असं रक्त असेल तर उद्या चिरल्यावर थांबवायचं कसं?" सिस्टर काळजीत पडल्या. "आजोबा, रक्त पातळ करायची गोळी घेता?"

"छे हो!"

सिस्टर चक्रावल्या. आजोबा चक्रावले. मी तर चारही पायांवर चक्रावले.

तेवढ्यात आजींनी पिशवीतून डबी काढली, नखाने एक गोळी मोडली आणि अर्धी पुढे केली. "अहो, बोळा दाबत बसलात, गोळीची वेळ गेली की!"

सिस्टरनी त्यांचा हात धरला. "ही कुणाची?"

"माझी, हृदयाची. आमचं बिस्किटसुद्धा अर्धं अर्धं असतं. माझ्या हृदयाला चालते, तर यांच्या हृदयाने काय घोडं मारलंय?"

"अगं, तू तर ताकदीची म्हणाली होतीस!" आजोबा उडालेच.

"खरं सांगितलं असतं तर घेतली असतीत?"

"आजी," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "ही रक्त पातळ करते. उद्या यांचं रक्त थांबलं नसतं. आणि अर्ध्याच गोळीवर राहून तुमच्या हृदयात गुठळी झाली असती."

आजींनी गोळीचे दोन्ही तुकडे डबीत टाकले आणि डबी सिस्टरच्या हातात दिली.

ऑपरेशन पुढे ढकललं. आजोबांची गोळी बंद झाली. आजींना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आठवड्याने आजोबा पुन्हा माझ्यावर बसले. या वेळी बोळा काढला तर खाली कोरडं. दुसऱ्या दिवशी त्यांना आत नेलं, तेव्हा बाहेरचं बाकडं रिकामं असूनही आजी माझ्यावरच येऊन बसल्या.

"तुमचं रक्त घ्यायचं नाहीये, आजी."

"माहितीये. बसू दे."

दीड तास त्यांनी माझा हात आवळून धरला होता. डॉक्टर सांगायला आले, "शुद्धीवर आलेत, तुम्हालाच विचारताहेत," तेव्हा कुठे सुटला.

मित्रांनो, माझ्यावर बसाल तेव्हा सुईकडे बघू नका, खुशाल भिंतीकडे बघा. पण गोळ्या विचारल्या की सगळ्या सांगा. कुणी मायेने हातावर ठेवलेलीसुद्धा. मी लाकडाची, मला फारसं कळत नाही. त्या दीड तासात जास्त कोण थरथरत होतं, मी की आजी, हे अजूनही मला नीटसं सांगता येत नाही.