शेऱ्यांसह

थोर नेत्यांचे ग्रंथ दीर्घ चिंतनातून जन्माला येतात. भाऊंचा ग्रंथ सरांच्या लोखंडी कपाटाखालून आला. कपाटाचा एक पाय आखूड होता आणि प्रबंधाची जाडी नेमकी तेवढीच होती.

भाऊ पहिल्यांदाच निवडणुकीला उभे होते. समोरच्या उमेदवाराने आत्मचरित्र काढलं, तेव्हा भाऊंचंही काहीतरी निघालंच पाहिजे असं पक्षाने ठरवलं. लिहायला सवड कोणाला? मग कोणाला तरी आठवलं, की भाऊंनी विद्यार्थी असताना 'सार्वजनिक बाकांवर बसणारे : एक सामाजिक अभ्यास' हा प्रबंध लिहून पदवी मिळवली होती. त्यांची स्वतःची प्रत घर बदलताना गहाळ झाली होती. उरली ती त्यांच्या मार्गदर्शकांकडची, म्हणजे आता निवृत्त झालेल्या सरांकडची. सरांनी ती उपसून दिली आणि कपाटाखाली विटेचा तुकडा सारला.

साहेबांचा एक शब्दही गाळायचा नाही, असं प्रकाशकाने छापखान्याला बजावलं होतं. छापखान्याने गाळला नाही. समासात सरांनी लाल पेन्सिलीने मारलेले शेरेही सरळ मजकुरात जाऊन बसले. मुद्रितं तपासायला भाऊंकडे गेली, ती त्यांनी वर 'उत्तम' लिहून न उघडता परत पाठवली.

त्यामुळे ग्रंथाची सुरुवात अशी झाली : 'बाकावर बसलेला माणूस हा समाजाचा आरसा असतो. कशावरून?' थोडं पुढे, 'शहरात बाक पुरेसे आहेत. कोणी मोजले?' आणि प्रकरणाच्या शेवटी, 'वरील विवेचनावरून सर्व काही स्पष्ट होते. मला तरी नाही.'

समीक्षकांना गहिवरून आलं. स्वतःलाच जाब विचारणारा नेता त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. भाऊ सभेत म्हणत, रस्ते होतील. खालून लोक म्हणत, कशावरून? मग दोन्ही बाजूंनी टाळ्या. बाविसाव्या पानावर नुसतंच 'भेटा' होतं, म्हणून माणसं पुस्तक काखेत मारून भाऊंच्या दारात उभी राहू लागली. एकेचाळिसाव्या पानानंतर मात्र ग्रंथकाराला एकही प्रश्न पडत नव्हता. हा संशयाकडून श्रद्धेकडे झालेला प्रवास आहे, असं एका विद्वानाने दाखवून दिलं. भाऊ निवडून आले.

सरांकडे भेट म्हणून आलेली प्रत त्यांच्या बायकोने भाजी चिरता चिरता चाळली.

"अहो, हे तुम्ही लिहिलंय."

प्रबंध त्याचाच आहे, असं सर म्हणाले.

"प्रबंध जाऊ दे खड्ड्यात. यातलं वाचण्यासारखं तेवढं तुमचं आहे. भाजीत मीठ घातलंय म्हटलं तरी 'कशावरून?' हे मी लग्नापासून ऐकतेय. जन्मभर दुसऱ्यांचं तपासलंत, स्वतःच्या नावावर एक ओळ नाही. आता भाऊंच्या सत्काराला बोलावलंय ना, तिथे सांगा सगळ्यांसमोर."

सरांच्या मनातही तेच होतं. अडचण एकच होती. शेरे माझे म्हटलं, की ते एकेचाळिसाव्या पानावर का थांबले, हेही कोणीतरी विचारणार. सरांनी प्रबंध तिथवरच वाचला होता आणि शेवटच्या पानावर 'संपूर्ण वाचला, समाधानकारक' असं लिहून सही ठोकली होती.

सत्काराला बायको पहिल्या रांगेत बसली. सर उठले, घसा साफ केला. "या ग्रंथातले प्रश्न..." भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. "...फार चांगले आहेत," म्हणून सर खाली बसले. बायकोने पर्स उचलली आणि ती चपला शोधायला लागली.

नंतर भाऊंनी सरांना आतल्या खोलीत नेलं.

"सर, छापखान्यातून परत आलेली मूळ प्रत पाहिली मी. अक्षर ओळखतो मी तुमचं. गप्प राहिलात, उपकार झाले. आता दुसरी आवृत्ती काढतोय. पुढे भाऊंना प्रश्न का पडत नाहीत, असं लोक विचारतात. उरलेल्या पानांवर तेवढे शेरे मारून द्या. मुखपृष्ठावर माझ्या खाली तुमचं नाव."

सर घरी आले ते निराळ्याच चालीने. बायकोने लाल पेन्सिलीला टोक काढून दिलं, चहा ठेवला, शेजारच्यांना रेडिओ बंद करायला सांगितलं. सरांनी बेचाळिसावं पान उघडलं. बाकाच्या फळ्यांमधल्या फटींचं वर्गीकरण तिथून सुरू होत होतं. चहा निवायच्या आत सर खुर्चीत घोरायला लागले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही.

प्रकाशकाने आठवडाभर वाट पाहिली. दुसरी आवृत्ती पहिलीसारखीच निघाली, मुखपृष्ठासकट.