रिकामा परतणारा डबा

मित्रांनो, मी भडगावच्या यशोदाबाईंचा जेवणाचा डबा. स्टीलचा, तीन पुडांचा, झाकणावर लग्नात आहेर देणाऱ्याचं नाव कोरलेला. माझी कडी आता एका बाजूने सैल झाली आहे आणि मधल्या पुडाला एक पोचा आहे. तरीही तेवीस वर्षांत माझ्यातून कधी कालवण सांडलं नाही, एवढं अभिमानाने सांगतो.

पहिली काही वर्षं मी कापूस वेचणीला शेतात जायचो. पुढे शेत बटाईने गेलं आणि मी फळीवर उपडा पडलो. माझ्यात कुणी सुया-दोरे ठेवले, कुणी शेंगदाणे. मग यशोदाबाईंची मुलगी दिपमाला जळगावच्या कॉलेजात शिकायला गेली. वसतिगृहाचं जेवण तिला मानवेना. तेव्हा राखेने घासून मला पुन्हा कामाला लावलं.

आमच्याकडे शिकणाऱ्या मुलांचे डबे एसटीने जातात. सकाळी साडेसहाला यशोदाबाई मला भडगावच्या स्थानकावर कंडक्टर हिलालभाऊंच्या हाती देत. साडेआठच्या सुमारास दिपमाला मला जळगावला उतरवून घेई. संध्याकाळी तीच गाडी मला रिकामा परत आणी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, कधी शेवभाजी. दिपमाला झाकण उघडायची, डोळे मिटून वास घ्यायची आणि मैत्रिणींना सांगायची, "लांब बसा, आईचं भरीत आहे!" माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं वर्ष.

पुढच्या दिवाळीनंतर तिच्या मामेभावाचं लग्न झालं. हळदीत ती मनसोक्त नाचली. कुणीतरी तो व्हिडिओ मोबाइलवर टाकला. तो शेकडो लोकांनी पाहिला आणि खाली एका अनोळखी माणसाने लिहिलं, "ही करवली की ढोल?" त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली.

त्यानंतर जेवताना ती मोबाइल माझ्या झाकणाला टेकवून ठेवू लागली. त्यात बारीक कमरेच्या मुली दिवसभरात आपण काय खाल्लं ते दाखवायच्या. दिपमाला त्यांच्याकडे पाही, मग भाकरीकडे पाही, आणि हात मागे घेई. आधी एक भाकरी उरू लागली, मग दोन. उरलेलं घरी परत गेलं तर आई विचारील, म्हणून वसतिगृह झाडणाऱ्या तानुबाईंना ती सगळं देऊन टाकू लागली. "आई फार पाठवते हो, मावशी," असं म्हणायची. मग मला नळाखाली लख्ख धुवायची.

इकडे यशोदाबाई मला उघडत आणि हरखून जात. "हिलालभाऊ, बठ्ठा डबा रिकामा शे! पोर पोटभर खाई राहिनी." दुसऱ्या दिवशी त्या एक भाकरी वाढवत. हिलालभाऊ हसत, "अक्का, आते या डबानं बी तिकीट काढनं पडी!"

मी जितका जड होऊन जात होतो, तितकी ती मुलगी हलकी होत होती. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

माघ महिन्यात एकदा दिपमालाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. तिने मला स्थानकावर पोचवायला तानुबाईंना सांगितलं. आता दुसऱ्याचा डबा रिकामा परत कसा करायचा? तानुबाईंनी माझ्यात ओंजळभर बोरं भरली आणि हिलालभाऊंना निरोप दिला, "त्या माउलीला सांगा, महिनाभर तुमच्या हातची भाकरी आमच्या घरी येते. नातवंडं नाव काढतात."

हिलालभाऊंनी तो निरोप भडगावला जसाच्या तसा सांगितला. यशोदाबाई आधी हसल्या. मग बोरांकडे पाहत राहिल्या.

"मंग मन्ही पोर काय खाई राहिनी?"



दुसऱ्या दिवशी मला मांडीवर घेऊन त्या स्वतः गाडीत बसल्या. जळगावला दिपमाला समोरून आली. अंगावरचा ड्रेस खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. स्थानकाच्या तीन पायऱ्या चढताना तिने दोनदा कठडा धरला.

"तुनं पोट दुखस का, माय?"

"नाही."

"मंग?"

बाकावर बसून दिपमालाने मोबाइल पुढे केला. यशोदाबाईंनी त्या 'ढोल'च्या ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"हाऊ कोण शे?"

"माहीत नाही."

"वळख नाही, पाळख नाही, अन् त्यानासाठे तू उपाशी?"

"त्याचं काय घेऊन बसलीस, आई!" दिपमालाचा आवाज चढला. "त्या लग्नाच्या आधी माझं ब्लाऊज उसवताना तूच म्हणालीस ना, जरा कमी गिळ, नाहीतर स्थळं येणार नाहीत? सगळ्या मावश्या हसल्या होत्या."

यशोदाबाईंनी मला घट्ट धरलं. 

"म्हनी होती मी," त्या म्हणाल्या. "मन्हं चुकनं, माय."

दिपमाला त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्याच दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा हट्ट नाही, आजार आहे. बरा होतो, पण वेळ लागतो. जबरदस्तीने भरवू नका, आणि तिच्या अंगाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू नका. दर मंगळवारी समुपदेशक ताईंकडे यायचं ठरलं. निघताना यशोदाबाईंनी मुलीला एकच गोष्ट मागितली, "जे उरंल ते परत धाड. धुवू नको."

पुढचे दिवस सोपे नव्हते. कधी मी भरलेलाच परत गेलो. यशोदाबाई माझं झाकण उघडत, डोळ्यांना पदर लावत आणि सकाळी पुन्हा दोनच भाकऱ्या भरत. फोनवर त्या डब्याबद्दल काही विचारत नसत. "आज काय शिकवलं? कोण हसलं, कोण भांडलं?" एवढंच.

चैत्रातल्या एका बुधवारी मी भडगावला उतरलो तेव्हा माझ्यात दीड भाकरी होती. यशोदाबाईंनी ती तळहातावर घेतली.

"हिलालभाऊ, अर्धी खाधी पोरनी!"

पूर्वी रिकाम्या डब्याने खूश होणारी ती बाई उरलेल्या भाकरीकडे पाहून स्थानकावर सगळ्यांसमोर रडत हसत होती.

मित्रांनो, आम्हा डब्यांना घासा, पुसा, आमच्या कड्या दुरुस्त करा. पण आमच्यावर फार विश्वास ठेवू नका. आम्ही रिकामे झालो एवढंच आम्हाला सांगता येतं. कोण जेवलं, ते सांगता येत नाही. ते जेवणाऱ्याजवळ बसूनच कळतं. आणि कुणी आनंदाने नाचत असेल, तर त्याच्या अंगाचं माप काढू नका. तुम्ही हसून पुढे निघून जाता. त्याचा घास मात्र हातातच राहतो.