शेवंतीवर टोपला

ते दोन हजार बावीस साल. त्या वर्षी सालेकसा भागात वानरांनी असा धुमाकूळ घातला, की लोकांनी परसात वांगी लावायचंसुद्धा सोडून दिलं. रुक्माबाईच्या अंगणात पिवळ्या शेवंतीचा ताटवा होता. पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी वानरांची टोळी उतरली आणि ताटवा मुळासकट उपटून गेली. एक खोड तेवढं वाचलं. ते तिने अर्ध्या कापलेल्या पिंपात लावलं, शेजारच्या दोन गड्यांकडून पिंप उचलून समोरच्या खोलीत आणवलं आणि खिडकीखाली ठेवलं. घरात ऊन यायचं ते त्या एकाच खिडकीतून.

शेवंती तिच्या नवऱ्याची, सुकरामची. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सोडली तर त्या माणसाने जीव लावला तो या फुलांनाच. कार्तिक लागला की गावातल्या कोणाच्याही पूजेला फुलं त्याच्याकडून जायची, आणि कोणी रिकाम्या हाताने परत गेलं तर त्याला राग यायचा. आदल्या पौषात तो गेला तेव्हा ताटवा भरात होता. त्याच्याच झाडांची फुलं रुक्माबाईने त्याच्या अंगावर वाहिली. आता पौषात त्याची वर्षी होती, आणि वर्षीला त्याच्या फोटोला त्याचीच शेवंती हवी, एवढं एकच तिने मनात धरलं होतं. दुसरं धरायला घरात उरलं तरी काय होतं?

मुलगा होता. टिकेश मालगाडीवर गार्ड होता, डोंगरगडला राहायचा. आगगाडीने तासाभराची वाट. पण बापाची तेरवी झाल्यापासून त्याने उंबरठा ओलांडला नव्हता. बाप गेला त्या दिवशी त्याची गाडी कुठल्याशा स्टेशनावर अडकून पडली होती आणि तो पोचला तोवर चिता विझत आली होती. तेव्हा रुक्माबाई चार माणसांत त्याला म्हणाली होती, "आता कायले आलास? भेटला का तुझ्या गाडीले सिग्नल?"

बोलणं तोंडातून गेलं ते गेलं. त्याने बापाचे दिवस नीट केले आणि तो बॅग उचलून निघून गेला. पुढे फोन यायचे, पण "जेवली का" आणि "जेवली" याच्या पलीकडे दोघांनाही जाता येईना. हळूहळू फोनही विरळ झाले.

रेल्वेचा रूळ घराच्या समोरूनच जातो, मधे फक्त दोन बांध्या. खिडकीत एक बल्ब होता. टिकेशला नोकरी लागली तेव्हा सुकरामने तो मुद्दाम तिथे लावला होता. पोराची गाडी रातची इथून गेली तर त्याला घर दिसावं, म्हणून. सुकराम गेल्यावरही रुक्माबाई रोज दिवेलागणीला तो लावायची आणि उजाडल्यावर बंद करायची. टिकेश त्या बल्बबद्दल कधी बोलला नव्हता. तिने विचारलंही नव्हतं.

दसरा गेला, दिवाळी तोंडावर आली आणि शेवंती नुसतीच वाढत होती. पानं हिरवीगार, खोड जाड, पण कळीचा पत्ता नाही. शेजारची सून दुर्गेश्वरी मोबाईलवर बघून एकेक उपाय सांगायची. सरकीच्या ढेपेचं पाणी घातलं, शेंडे खुडले, पाणी कमी केलं, मग राख घातली. झाड आणखी माजलं. दुर्गेश्वरी म्हणाली की काकी, आता बाजारातून दुसरं घ्या. रुक्माबाईने तिला चहा दिला आणि तो विषय तिथेच ठेवला.

सुकरामचा जुना सोबती मनोहरलाल आठवड्यातून एकदा काठी टेकत यायचा. त्याला गोष्ट सांगायला निमित्तच हवं असायचं. त्याने झाड न्याहाळलं आणि मंदिरामागच्या बैराग्याची आठवण काढली. गावात पहिल्यांदा रस्त्यावरचे दिवे लागले ते साल. बैराग्याने झोपडीशी चोरून गांजाचं झाड लावलेलं, आणि नेमका दिव्याचा खांब तिथेच रोवला गेला. झाड झोपडीच्या वर गेलं, पण त्याला फूल म्हणून येईना. बैरागी रोज खांबाला शिव्या द्यायचा. शेवटी पोलिसांनी बैराग्याला बदडलं आणि ते नुसत्या पाल्याचं झाड उपटून नेलं.

"फुलाचा लाभ नाही आन् वर मार खाल्ला, वहिनी," असं म्हणून मनोहरलाल खोकेपर्यंत हसला.

तो गेल्यावर रुक्माबाई झाडाशी बसली. हसण्यावारी नेलेली गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. पिंपाच्या बाजूला धान भरायचा बांबूचा ढोला उभा होता. झाडाची एक फांदी वाकून त्या ढोल्याच्या मागे गेली होती. तिने ती ओढून काढली आणि बघतच राहिली. फांदीच्या टोकाला हरभऱ्याएवढ्या कळ्या होत्या. बाकी सगळ्या झाडावर एकही नाही. बल्बचा उजेड पोचत नव्हता तेवढ्याच फांदीला दिवस लहान झाल्याचं कळलं होतं.

अंगणात होती तेव्हा शेवंतीला रात्र मिळत होती. घरात आणून तिने तिची रात्रच काढून घेतली होती.

पिंप हलवणं तिच्या एकटीच्या ताकदीबाहेरचं, आणि हलवलं तर ऊन गेलं. त्या दिवशी दिवे लावायची वेळ झाली तशी ती बटणाशी जाऊन थांबली. समोरून एक मालगाडी धडधडत निघून गेली. तिने मनाशी हिशेब मांडला. एक गेलेला माणूस, त्याला फूल पाहिजे. एक जिता, तो इकडे बघतही नाही. बल्ब कोणासाठी लावायचा?

तिने त्या खोलीचं मेन बटणच खाली केलं, म्हणजे बटणावरचा लाल ठिपकाही नको. स्वयंपाकघरात चुलीच्या उजेडात जेवली आणि तिथेच अंथरूण टाकलं.

फोन त्याच खोलीत चार्जिंगला लावलेला असायचा. तो कधी बंद पडला हे तिला कळलंच नाही, कारण एरवीही तो वाजत नसे. दुर्गेश्वरी दिवाळीला माहेरी गेली होती, मनोहरलालला ताप भरला होता. त्या आठवड्यात रुक्माबाईशी कोणी बोललं असेल तर तो दूधवालाच.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ती मागे भांडी घासत होती. अंगणातून कोणी तरी "माय" म्हणून हाक मारली. ती राखेच्या हातानेच पुढे आली. दारात टिकेश उभा होता, गार्डचे पांढरे कपडे, डोळे तांबारलेले. तिला बघून तो तिथेच पायरीवर बसला.

"बल्ब काऊन बंद आहे?"

"तुले कसं मालूम?"

"दोन फेऱ्या झाल्या माझ्या. घर अंधारात. फोन लागून नाही राहिला. मी काय समजलो, तुले..."

रुक्माबाईने पदराला हात पुसले. सांगायला लाज वाटली, तरी सांगितलं. "शेवंतीले कळी धरत नव्हती रे. उजेडानं."

तो वळून खिडकीतल्या झाडाकडे बघू लागला.

"मले वाटलं, तू पाहतच नसशील," ती म्हणाली.

"गार्डचं काम मागं पाहायचंच असते, माय. अन् घर आल्यावर दुसरं कोणाले पाहीन?"

बापाच्या चितेशी झालेल्या बोलण्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. तिने भात टाकला. जेवून तो माळ्यावर चढला आणि धान उफणायचा मोठा टोपला खाली काढला. शेणाने सारवलेला, त्यातून उजेडाची तिरीपही जायची नाही. झाडावर उपडा घालून बघितला, बरोबर बसला. फांद्या मोडू नयेत म्हणून त्याने आत चार कामट्या रोवल्या. संध्याकाळी आधी टोपला, मग बल्ब, असं त्याने तिला दोनदा सांगितलं, जसं काही ती लहान मूल होती. दुपारच्या गाडीने तो कामावर गेला.

एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती. झाड झाकता येतं हे तिला ठाऊक होतं. बल्ब कोणी बघतं, हे ठाऊक नव्हतं.

शेवंती उशिराच फुलली. वर्षीच्या दिवशी ओंजळही भरली नाही. हार झाला नाही, पण सुकरामच्या फोटोपुढे ठेवण्यापुरती फुलं झाली. टिकेश आदल्या दिवशीच आला होता. पिंडाला कावळा शिवला तेव्हा तो जवळ उभा होता.

पुढच्या उन्हाळ्यात मनोहरलाल गेला. जायच्या आठवडाभर आधीही त्याने बैराग्याची गोष्ट सांगितली होती, आणि त्या खेपेला त्यात दोन पोलीस जास्त होते. दुर्गेश्वरी नवऱ्यासोबत गोंदियाला राहायला गेली. तिथल्या गॅलरीत तिची स्वतःची शेवंती आहे, फांदी इथूनच नेलेली. टिकेशची बदली बिलासपूरला झाली आणि त्याच्या गाड्या दुसऱ्याच रुळावरून धावू लागल्या. फोन मात्र आता रोज येतो.

रुक्माबाई अजून त्याच घरात आहे. दिवेलागणीला ती शेवंतीवर टोपला घालते आणि मग बल्ब लावते. मालगाडी जाते तेव्हा एखाद्या वेळी शेवटच्या डब्यातला गार्ड हिरवा दिवा हलवतो. तो टिकेश नाही हे तिला माहीत आहे. तरी ती खिडकीशी येऊन हात वर करते, आणि गाडीचा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभी राहते.